न फिरणारी चाकं

गाडी फलाटात शिरली, तेव्हा तिची खालची चाकं फिरत नव्हती. वरची गरगर फिरत होती, बाजूची मधूनच फिरत होती, पण रुळाच्या पोटाखाली बसवलेली चाकं मात्र ढिम्म! शाल्मलीने फलाटाच्या कडेला तपासणीसाठी बसवलेल्या काचेला नाक लावून पुन्हा पाहिलं. चाक आणि रूळ यांच्यामध्ये चक्क फट होती. तिने काच पुसून तिसऱ्यांदा पाहिलं.

कारण आज याच गाडीतून आई जाणार होती. एकटी.

वाघजाई पठारावरचा हा नवा रोलर कोस्टर उद्या लोकांसाठी सुरू व्हायचा होता आणि शाल्मलीची आई त्याची मुख्य तपासनीस होती. पठारावर दुसरं मूल नव्हतं. शाळा पडद्यावर भरायची आणि पडदा मिटला की सगळा वर्गच मिटून जायचा. बाबा आजारपणात गेले, तेव्हापासून शाल्मलीला आईशिवाय कोणी नव्हतं, आणि आई दिवसभर रुळांवर. मग शाल्मली गप्पा मारायची त्या चाचणीच्या बाहुल्यांशी. माणसाइतकं वजन व्हावं म्हणून पाणी भरून गाडीत बसवतात ना, त्या रबरी बाहुल्या. अकरा वर्षांच्या मुलीने बाहुल्यांशी बोलावं हे तिलाही पटत नव्हतं, पण करणार काय?

पठारावर जुन्या कोस्टरपासून चालत आलेली एक रीत होती. बाहुल्यांच्या फेऱ्या संपल्या की माणसाची पहिली फेरी तपासनिसानेच करायची आणि लोकांसाठी सुरू होईपर्यंत दर फेरीला हिरवा झेंडा त्याच्या घरच्या माणसाने दाखवायचा. आपलं माणूस झेंडा घेऊन उभं असलं की तपासणीत हयगय होत नाही, असं तिथली जुनी मंडळी म्हणत. आईच्या घरचं माणूस एकच होतं.

"मी नाही दाखवणार झेंडा," शाल्मली म्हणाली. "खालची चाकं रुळाला लागतसुद्धा नाहीत. तू पडलीस तर मी कोणाकडे जाऊ?"

आईने शिरस्त्राण काढून बाकावर ठेवलं. "तुला पटेपर्यंत गाडी हलणार नाही. घोरपडे, तू सांग हिला. मी सांगितलं तर आई नुसती समजूत घालतेय असं वाटेल."

घोरपडे म्हणजे तपासणीचा यंत्रमानव. सहा पायांनी रुळाला खालून चिकटून फिरायचा, म्हणून शाल्मलीनेच त्याला हे आडनाव बहाल केलं होतं. तो रुळाखालूनच बोलला, "कठड्याच्या दांड्यावर हात ठेव. तळवा वर टेकव, बोटं खालून वळव. घट्ट धरू नकोस. बोटं दांड्याला लागतात?"

"नाही. थोडी जागा राहते."

"आता हात वर उचल."

शाल्मलीने हात उचलला. बोटं खालून दांड्याला अडकली आणि हात तिथेच थांबला.

"पण एवढी जड गाडी वर कशाला उचलली जाईल?" ती काही सहजासहजी ऐकणारी नव्हती.

"जडत्वामुळे (आहे त्या वेगाने, आहे त्या दिशेने सरळ जात राहण्याची प्रत्येक वस्तूची खोड). उंचवट्यावर जोरात चढलेल्या गाडीला सरळ जायचं असतं आणि रूळ तर माथ्यावर खाली वळतो."

"मग गुरुत्वाकर्षण (पृथ्वीची ओढ) खेचेल की तिला खाली!"

"खेचतंच. पण गाडी फार वेगात असली तर रूळ जितक्या झटकन वळतो, तितक्या झटकन गुरुत्वाकर्षण तिला वळवू शकत नाही. गाडी रुळावरून उठू पाहते. वरच्या चाकांवरचा भार जातो. त्याच क्षणी खालची चाकं रुळाला खालून टेकतात आणि रूळच गाडीला खाली ओढून वळवतो. माणूसही आसनावरून उचलला जातो. त्याला मांडीवरचा दांडा धरून ठेवतो. बाजूची चाकं आहेत ती वळणांसाठी."

"मग आत्तापासूनच टेकवून ठेवायची ना! फट कशाला?"

"सतत घासली तर तापतील, झिजतील आणि वेगही खातील. म्हणून बारीकशी फट. ती रोज तुझी आई मोजते, आणि मीही मोजतो. उंचवट्याखाली लटकून मी प्रत्येक फेरीत ती चाकं फिरताना पाहिली आहेत."

शाल्मलीला समजलं. भीती मात्र गेली नाही. समजलं की भीती लगेच पळते असं ज्याने कोणी सांगितलं असेल, त्याने कधी आईला गाडीत बसवून झेंडा हातात घेतलेला नसणार. तिने घोरपडेला उंचवट्याखाली जाऊन त्याच्या डोळ्यांना दिसेल ते फलाटावरच्या पडद्यावर दाखवायला सांगितलं. आई बसली, दांडा खाली आला. शाल्मलीने झेंडा उचलला. नियंत्रण खोलीतून गाडी चालवणाऱ्या दस्तगीरकाकांनी कळ दाबली आणि गाडी निघून गेली.

फलाट इतका रिकामा तिने कधी पाहिला नव्हता. हाक मारावी तर ओ द्यायला कोणी नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. गाडी उंचवटा चढत होती, खालची चाकं अजून ढिम्मच होती. गाडी माथ्यावर पोचली. आणि ती चाकं एकदम फिरू लागली! भिंगरीसारखी! पडद्यात वर, रुळाच्या कडेपलीकडे, आईची वेणी हवेत उभी राहिली, आई आसनापासून बोटभर उचलली गेली आणि गाडीबरोबर अलगद खाली वळली. "टेकली! टेकली!" शाल्मली एकटीच ओरडली.

गाडी परत आली, तेव्हा तिने झेंडा टाकून आईला मिठी मारली. बराच वेळ सोडलंच नाही.

"आता मला बसायचंय," मग ती म्हणाली. "तुझ्या शेजारी."

"बस की. पण झेंडा कोण दाखवणार? घरचं माणूस लागतं."

दोघींनी एकदमच रुळाखाली, नुकत्याच परतलेल्या घोरपडेकडे पाहिलं.

"मी यंत्र आहे," घोरपडे म्हणाला. "माझी नोंद भांडारात आहे, घरात नाही."

"असू दे भांडारात," आई म्हणाली. "वर ये."

घोरपडे आजवर कधी फलाटावर आला नव्हता. उलट्याचा सुलटा व्हायला त्याला थोडा वेळ लागला. दोघी गाडीत बसून त्याच्या झेंड्याची वाट पाहत थांबल्या.