कात्रीबाईंचं मनगट

तिचं उजवं मनगट त्याच्या तळहातावर होतं, आणि तो ते इतक्या मन लावून बघत होता, की हात आपलाच आहे ना, अशी तिला शंका यायला लागली.

"दिवसभर काय करता या हातानं?"

"चुका काढते," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "म्हणजे... पुस्तकांची मुद्रितं तपासते. प्रकाशन संस्थेत."

"अरे बापरे! मग मला जपूनच बोलायला हवं."

तो हसला. मैत्रिणीनं या फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला, तेव्हा कुणीतरी पोक्त गृहस्थ असतील असं तिनं धरलं होतं. हा तर तिच्याच वयाचा निघाला. बाह्या दुमडलेल्या, हाताला मलमाचा वास, आणि पाठीमागच्या खिडकीत एक लिंबाचं रोप... निम्मं बोडकं. तिची नजर तिकडे गेली तसा तो ओशाळला.

"त्याच्याकडे बघू नका. त्याच्यापायी चारचौघांत अब्रू गेलीय माझी."

"लिंबापायी?"

"घरातल्या बागेची एक मेलिंग लिस्ट आहे. एक मेल टाकली की चारशे जणांना जाते. मी नवखा. विचारलं, पानं का गळतात? झालं! तिथं एक बाई आहेत, 'कात्री' नावानं लिहितात. त्यांनी माझी अशी बिनपाण्याची केली, की मी लिस्टच सोडली."

तिनं लिंबावरची नजर झटकन काढून घेतली. कारण कात्री तीच होती.

लिस्टवर शिस्त राखायचं काम अण्णांनी, म्हणजे लिस्ट चालवणाऱ्या निवृत्त मास्तरांनी, मोठ्या विश्वासानं तिच्यावर सोपवलं होतं. आणि या गृहस्थांनी कुंड्यांच्या चर्चेत लिंबाचा प्रश्न घुसडला होता, वर दोन ओळी आणि खाली जुन्या मेलींचं मारुतीचं शेपूट. तिनं सगळ्यांना जाईल असं उत्तर दिलं होतं: 'ज्यांना शेपूट कापता येत नाही, त्यांनी झाडांच्या वाटेला जाऊ नये. पानं बिचारी कंटाळून गळत असतील.' लोक खदखदून हसले होते. तिलाही आपल्या वाक्याचं फार कौतुक वाटलं होतं. लिंबाचं उत्तर मात्र कुणीच दिलं नव्हतं.

"खडूस असणार हो," तो तिचं मनगट हलकेच वळवत म्हणाला. "घरी कुणी विचारत नसेल, म्हणून तिथं राज्य करतात... दुखतंय का?"

"नाही."

"मग नाडी का अशी पळतेय?"

"पळतेय?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मुळात तशीच असेल."

सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत ती येत राहिली. त्या पहिल्या दिवशी जाताना एवढंच म्हणाली, "पाणी कमी घाला त्याला. मुळं कुजतायत." त्यानं पाणी कमी केलं. रोपाला पोपटी फुटवा आला, तेव्हा तो लहान पोरासारखा तिला हात धरून दाखवायला घेऊन गेला, आणि मग हात धरल्याचं लक्षात येऊन दोघंही पानं मोजायला लागले.

मनगट बरं झालं. शेवटच्या दिवशी तो दारापर्यंत आला.

"आता तुम्ही माझ्या पेशंट नाही. म्हणून विचारतो... कॉफी घ्यायची का?"

कॉफीच्या दुसऱ्या कपाला 'तुम्ही'चं 'तू' झालं. तेवढ्यात त्यानं फोन पुढे केला. "तू चुका काढतेस ना? मग सांग, त्या मेलमध्ये माझं चुकलं तरी काय? मी दोनच ओळी लिहिल्या होत्या गं."

तिनं बघितलं. पडद्यावर खरंच दोनच ओळी होत्या. खाली तीन बारीक टिंबं.

"यावर बोट ठेव," ती कशीबशी म्हणाली.

त्यानं ठेवलं. शेपूट उलगडलं, आणि उलगडतच गेलं.

"अगं आई गं! हे सगळं मी पाठवलं होतं? चारशे जणांना?" तो हसत सुटला. "आणि मला हे कधी दिसलंच नाही!"

तो हसत होता आणि तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. ज्या गोष्टीवरून तिनं त्याची शोभा केली, ती त्याच्या फोननं त्याला दाखवलीच नव्हती. तिनं त्याला सगळं नीट शिकवलं: नवा प्रश्न असेल तर नवा विषय लिहायचा, ज्या ओळीला उत्तर द्यायचं तेवढीच ठेवायची, बाकीचं कापायचं. तो शहाण्या मुलासारखा ऐकत होता. तिच्यानं त्याच्या डोळ्यांत बघवेना.

"सांगून टाक," ताई फोनवर म्हणाली. "झाकली मूठ कधीतरी उघडतेच."

"सांगते गं. रविवारी."

रविवारपर्यंत थांबायची वेळच आली नाही. शुक्रवारी सकाळी ती लिस्टच्या मेली चाळत बसली होती. मध्येच त्याची आठवण झाली म्हणून तिथल्या तिथं नवी मेल उघडली: 'रविवारी रोपवाटिकेत जाऊ या. लिंबाला मोठी कुंडी घेऊ.' खाली बराच वेळ घुटमळून, पहिल्यांदाच, लिहिलं: 'तुझीच.' मेल गेली आणि तिचं लक्ष पाठवणाऱ्याच्या नावाकडे गेलं. लिस्टसाठी तिचं वेगळं खातं होतं, आणि आपण ज्या खात्यात बसलेलो असतो, त्याच खात्याच्या नावानं तो मेलचा प्रोग्रॅम नवी मेल पाठवतो. 'तुझीच'च्या वर लख्ख लिहिलं होतं: कात्री.

त्याचं उत्तर दुपारी आलं. तिची एकच ओळ ठेवलेली, बाकी सगळं कापलेलं, अगदी तिनं शिकवल्यासारखं.

'> तुझीच
म्हणजे तुम्हीच का त्या?'

त्या 'तुम्ही'नं तिला रडू फुटलं.

रविवार तसाच गेला. त्याचा शब्द नाही. सोमवारी तिनं लिस्टवर मेल टाकली. नवा विषय, 'माझी चूक'. त्या नवख्या सभासदाला मी टोचून बोलले, त्याचा दोष नव्हता, मला माझ्याच वाक्याची लाज वाटते, असं सरळ लिहिलं. पण तो आता लिस्टवर होताच कुठं? म्हणून संध्याकाळी ती दवाखान्यात गेली.

बाकावर गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक काकू आणि मान धरलेले एक गृहस्थ बसले होते. तो पेशंटला बोलवायला बाहेर आला आणि तिला बघून थबकला.

"आत या ना," तो हळूच म्हणाला.

"नको. तुम्हाला चारशे जणांसमोर बोलले होते. इथं दोघंच आहेत, पण... इथंच बोलते." तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "मी चुकले. आणि नंतर इतके दिवस तुमच्यासमोर बसून गप्प राहिले, ते तर त्याहून वाईट. मला माफ करा."

काकूंनी वर्तमानपत्र खाली घेतलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"मला वाटलं, तुम्हीच आता माझं तोंड बघणार नाही," तो म्हणाला.

"मी? का?"

"अहो, तुमचंच मनगट धरून तुम्हाला खडूस म्हणालो. घरी कुणी विचारत नाही म्हणालो. राग पहिल्या तासात गेला. मग तेच आठवत राहिलं. पुन्हा लिहायला बसलो की लाजेनं हात थांबायचा."

"खरंच तर आहे ते," ती खाली बघत म्हणाली. "ताईचा फोन येतो तेवढाच. बाकी नाही विचारत कुणी."

तो पुढे आला. काकूंकडे, गृहस्थांकडे त्यानं एकदा बघितलं. आणि मग बघणं सोडून दिलं.

"मी विचारतो," तो म्हणाला. "तू आवडतेस मला. कात्रीसकट."

"मलाही... म्हणजे तू..." चुका काढणाऱ्या बाईला एक वाक्य धड पुरं करता येईना.

"कळलं गं, कळलं," काकू म्हणाल्या. "डॉक्टर, माझा गुडघा बघताय ना आज?"

"थांबशील?" त्यानं विचारलं.

"थांबते."

काकू आत गेल्या. ती त्यांच्या जागेवर बसली. मान धरलेल्या गृहस्थांनी मुकाट्यानं तिला अर्धं वर्तमानपत्र दिलं. तिनं ते तोंडासमोर धरलं, पण अक्षर लागेना. आणि तो, काहीही काम नसताना, दर थोड्या वेळानं दार उघडायचा, ती आहे ना बघायचा, आणि पुन्हा आत जायचा.