तिसऱ्या जोडावरची गोगलगाय

"ताई, तुमच्या कपाळावर रेघ आलीय. जरा डावीकडे व्हाल का?"

आवाज वरून आला आणि ती दचकली. मुलांच्या वाचनालयाचं नवं दालन बघायला म्हणून ती आत शिरली होती. बाहेर टळटळीत दुपार, आत मात्र पडदे ओढून केलेला मिट्ट काळोख. समोरच्या लांबलचक भिंतीवर हिरव्या रेघांची जाळी पसरली होती आणि त्यातली एक रेघ नेमकी तिच्या कपाळावरून नाकावर उतरत होती.

"सरकते, दादा," ती म्हणाली आणि सरकली.

झालं! एकमेकांचं तोंडसुद्धा बघायच्या आत दोघं बहीण-भाऊ होऊन बसले. पुढे जी गोष्ट प्रेमाची व्हायची, तिची सुरुवात इतकी वाईट क्वचितच होत असेल.

ती हलती चित्रं काढायची. या भिंतीसाठी तिने एक अख्खा रस्ता काढला होता. डाव्या टोकाला पहाट, उजव्या टोकाला दिवेलागण, आणि मधे दूधवाला, शाळेत निघालेली पोरं, भांडणारी मांजरं, दुकानात मशीन चालवणारी एक शिंपीणबाई. ही बाई म्हणजे तिची आईच होती. आईच्या शिलाई मशीनशेजारी टेबल टाकून, आठ महिने मान मोडून तिने तो रस्ता काढला होता. येत्या शनिवारी तो या भिंतीवर पहिल्यांदा चालणार होता.

वरच्या माळ्यावरून शिडीने एक माणूस खाली उतरला. खांद्यावर तारांचं वेटोळं, खिशात स्क्रूड्रायव्हर, कोपराला धूळ. दिसायला चारचौघांसारखा. पण बोलण्याआधी तो जरासा थांबायचा, आणि तेवढ्यात समोरच्याकडे असं नीट बघायचा की बोलणाऱ्याला आपण काहीतरी महत्त्वाचं सांगतोय असं वाटावं. गावोगावी जाऊन प्रोजेक्टर बसवणं हा त्याचा धंदा. सगळे त्याला प्रोजेक्टरवालाच म्हणत.

तिने मोठ्या ऐटीत पर्समधून पाच पेनड्राइव्ह काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. पाच प्रोजेक्टर, म्हणून रस्त्याचे पाच तुकडे. प्रत्येकाला एक.

तो थांबला. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मग त्याने समजावून सांगितलं. पाच प्रोजेक्टरना पाच कॉम्प्युटर दिले, तर प्रत्येक जण आपापल्या तालात चालतो. एक पुढे, एक मागे. तिच्या दूधवाल्याच्या सायकलचं पुढचं चाक तिसऱ्या चित्रात पोचेल आणि मागचं चाक दुसऱ्यातच रेंगाळेल. म्हणून कॉम्प्युटर एकच. त्यातून निघालेलं एकच लांब चित्र एका चपट्या पेटीत जातं, पेटी त्याचे तुकडे करते आणि ज्याचं त्याला वाढते.

"म्हणजे डोकं एक आणि तोंडं पाच," ती म्हणाली.

"अर्धा रावण," तो म्हणाला.

ती हसली, आणि काळोखात त्यालाही हसताना तिने पाहिलं. त्या हसण्यानंतर 'ताई' आणि 'दादा' हे दोन शब्द पुन्हा त्या दालनात ऐकू आले नाहीत. कोणी ठरवलं नव्हतं. दोघांनीही ते आपापले गुपचूप गिळून टाकले.

आता अडचण अशी झाली की हाक मारायला काही उरलंच नाही. नावाने हाक मारावी इतकी ओळख नाही, आणि जे नातं हाताशी होतं ते दोघांनाही नको होतं. मग तो माळ्यावरून म्हणायचा, "अहो, ऐकलं का?" आणि ती खालून म्हणायची, "अहो, दिसतंय का?" वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई एकदा दारातून डोकावल्या, हे ऐकलं, आणि जणू कोणाच्या घरात चुकून शिरल्यासारख्या पावलं न वाजवता परत गेल्या.

पाच पेनड्राइव्हचं एक चित्र करून ती दुसऱ्या दिवशी आली. खरं तर तिचं काम तिथेच संपलं होतं. पण भिंतीपाशी उभं राहून रेघा जुळतायत की नाही हे सांगायला कोणीतरी हवं, असं तो म्हणाला. आणि तीही म्हणाली, हो, हवंच ना कोणीतरी.

काम असं होतं. शेजारशेजारची दोन चित्रं नुसती एकाला एक लावून चालत नाहीत, मधे काळी फट दिसते. म्हणून ती हातभर एकमेकांवर चढवायची. पण चढवली की त्या जागी उजेड दुप्पट होतो आणि पांढरा पट्टा दिसायला लागतो. मग त्या हातभर जागेत दोघांनीही आपापला उजेड हळूहळू कमी करत न्यायचा.

"दोघांनीही?" तिने विचारलं.

"दोघांनीही. एकानेच केला तर जोड लपत नाही. लोकांना लगेच कळतं."

"काय कळतं?"

तो थांबला. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबला.

"की... एकच जण जमवून घेतोय," तो म्हणाला आणि शिडी चढून वर गेला.

हिरव्या जाळीचा तिला कंटाळा आला, म्हणून चाचणीसाठी तिने एक गोगलगाय काढली. ती डाव्या टोकाहून निघायची, मागे चकचकीत रेघ सोडत सोडत सगळी भिंत ओलांडायची. रेघ कुठे तुटली की समजायचं, तिथला जोड चुकलाय. युक्ती त्याला इतकी आवडली की त्याने जाळी बंदच करून टाकली. दिवसभर भिंतीवर गोगलगाय चालायची, खाली ती चालायची आणि वरून तो बोलायचा. जरा डावीकडे. अजून थोडं. हां, तिथेच थांबा.

पहिला जोड जुळला, दुसरा जुळला, चौथाही जुळला. तिसरा मात्र काही केल्या जुळेना. त्याच्यापाशी तिला रोज उभं राहावं लागायचं, आणि उभ्या उभ्या गप्पा व्हायच्या. तिला कळलं की तो सायकल चालवायला वयाच्या विसाव्या वर्षी शिकला, त्याची बहीण त्याला 'मुका' म्हणते, आणि चहात साखर घातलेली त्याला चालत नाही. त्याला कळलं की ती चित्र काढताना जीभ बाहेर काढते. हे त्याला कसं कळलं, ते तिने विचारलं नाही.

गुरुवारी आई थर्मासमधून चहा घेऊन आली. आयुष्यभर कपडे शिवलेली बाई. ती खुर्चीवर बसली, चष्मा पुसला, भिंतीवरची गोगलगाय या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग लेकीला हळूच जवळ बोलावलं.

"अगं, तू तिथे कशाला उभी आहेस?"

"तिसरा जोड जुळत नाहीये, आई."

"जुळत नाही कसा? केव्हाचा जुळलाय. मला शिवण दाखव बघू कुठे दिसते ती."

तिने पाहिलं. गोगलगाय तिसऱ्या जोडावरून अलगद पुढे गेली. रेघ कुठे म्हणजे कुठे तुटली नव्हती. काल तरी तुटली होती का? तिला आठवेना. ती इतके दिवस रेघेकडे बघतच नव्हती.

"जरा उजवीकडे," वरून आवाज आला.

आईने माळ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

"गोगलगाय आणि पोटात पाय," ती पुटपुटली.

लेक उजवीकडे सरकली. गाल तापल्याचं काळोखात कोणाला दिसत नाही, हे किती बरं असतं! त्या दिवशी घरी जाताना आईने शहाण्या माणसासारखा विषय काढला नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आनंद विरून गेला आणि भीती तेवढी उरली. शनिवारी उद्घाटन झालं की प्रोजेक्टर राहणार होते आणि प्रोजेक्टरवाला जाणार होता. त्याची पुढची भिंत दुसऱ्याच कुठल्या गावात वाट बघत होती. त्याने तिला उगाच उभं केलं असेल, तर त्यात काही अर्थ असेल. किंवा नुसता कंटाळा घालवायला सोबत हवी असेल. गावोगावी भिंती असतात. भिंतींपाशी कोणी ना कोणी उभं राहत असणार. तिला तो हवा होता, हे तिने स्वतःशी सरळ कबूल केलं. त्याला ती हवी आहे का, एवढंच कळायचं होतं, आणि ते कळायला मधे एकच दिवस होता.

शुक्रवारी तिने धीर करून विचारलं. विचारायचं होतं एक, तोंडून निघालं दुसरंच.

"चित्र कसं वाटलं तुम्हाला? माझा रस्ता?"

तो थांबला. "खरं सांगू? मी चित्र बघत नाही. मी जोड बघतो. सवयच झालीय. इतक्या ठिकाणी इतकं काय काय लावलं, पण एकही खेळ मी पूर्ण बघितलेला नाही."

आठ महिने! आईच्या मशीनवरच्या हातांची एकेक हालचाल तिने किती वेळा खोडून काढली होती. आणि हा जोड बघत होता.

"बरं," ती म्हणाली. "मग जोड जुळलेत ना सगळे? झालं तर माझं काम."

तिने पर्स उचलली आणि निघाली. तो वरून काहीतरी म्हणाला, पण 'अहो' ऐकून न थांबायचं तिने त्या दिवशी ठरवूनच टाकलं होतं.

शनिवारी संध्याकाळी दालन भरलं. पोरं पुढे सतरंजीवर, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर. ती आईशेजारी बसली. माळ्याकडे बघायचं नाही असं ठरवून तिने चार वेळा माळ्याकडे पाहिलं. त्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली तिला येतानाच दिसली होती.

दिवे गेले आणि भिंतीवर पहाट झाली. दूधवाला निघाला. सायकल पहिल्या चित्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली, पुढचं चाक आणि मागचं चाक अगदी एकत्र. मांजरं भांडली तेव्हा पोरं हसली. शिंपीणबाईने दातांनी दोरा तोडला तेव्हा आईने लेकीचा हात धरला तो सोडलाच नाही. भिंत कुठेही जोडलेली वाटत नव्हती. दिवेलागण झाली, शेवटच्या खिडकीत उजेड पडला आणि चित्र संपलं. टाळ्या वाजल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं थोडं चित्रासाठी नव्हतं.

आता दालनातले दिवे लागायला हवे होते. ते लागले नाहीत. त्याऐवजी भिंतीच्या डाव्या टोकाला गोगलगाय आली.

चाचणीची फाइल! ती काढायची राहून गेली होती आणि रस्त्याच्या पाठोपाठ आपोआप सुरू झाली होती. ती खुर्चीतून अर्धी उठली. अजून गंमत आहे असं वाटून पोरं परत मांडी घालून बसली. गोगलगाय चालली, चालली, आणि तिसऱ्या जोडापाशी येऊन थांबली. तिने काढलेली गोगलगाय तिथे थांबत नव्हती.

मग उजव्या टोकाहून दुसरी गोगलगाय निघाली. ही तिने काढली नव्हती. कोणा चित्रकाराने काढलीच नव्हती. शंख बटाट्यासारखा, एक डोळा लांब, एक आखूड, चाल अडखळती. पण तीही आपल्या मागे रेघ सोडत होती, वाकडीतिकडी का होईना. शेवटच्या खिडकीपाशी, शिंपीणबाईच्या दुकानापाशी, मांजरांच्या भिंतीपाशी ती एकेक क्षण थांबत होती... आणि प्रत्येक ठिकाण रस्त्यावर जिथे होतं तिथेच थांबत होती. रस्ता तर केव्हाच संपला होता, भिंत कोरी होती. ज्याला तो रस्ता पाठ आहे, त्यालाच हे जमलं असतं.

अडखळत अडखळत ती तिसऱ्या जोडापाशी पोचली. दोन्ही रेघा मिळून एक रेघ झाली.

"दुसरी वाकडी आहे," पुढच्या रांगेतली एक मुलगी ठणठणीत आवाजात म्हणाली.

सगळं दालन हसलं. माळ्यावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग ध्वनिक्षेपकातून त्याचा आवाज आला, "माफ करा. ते... चाचणीचं होतं. सगळे गेल्यावर फक्त एकालाच दाखवायचं होतं. काढायचं राहिलं."

दिवे लागले. ग्रंथपाल बाईंनी प्रसंग ओळखला आणि सगळ्यांना चहासाठी बाहेर पिटाळलं. आई सगळ्यात शेवटी उठली. "मी म्हटलं नव्हतं?" एवढंच बोलून ती पण गेली.

लेक भिंतीपाशी जाऊन तिसऱ्या जोडावर उभी राहिली. शिडी वाजली. तो खाली आला आणि दोन हातांवर थांबला. उजेडात त्याचे कान लाल झालेले स्पष्ट दिसत होते.

"तुम्ही चित्र बघत नाही ना?" ती म्हणाली.

"नाही बघत. हे बघितलं." तो थांबला. "काल तेच सांगत होतो, तुम्ही थांबला नाहीत. पहिल्यांदाच झालं असं. एक गोगलगाय काढायला चार दिवस लागले, आणि तरी बटाटाच झाली."

"छान बटाटा आहे."

"काढून टाकतो ती फाइल."

"राहू द्या." मग तिने जे विचारायचं होतं तेच विचारलं. "तुम्ही गेल्यावर हे जोड हलतील?"

"हलतात. भिंत तापते, प्रोजेक्टर बारीकसे सरकतात. महिन्या-दोन महिन्यांनी बघावंच लागतं. एरवी मी फोनवरून सांगतो, तिथलं कोणीतरी जुळवून घेतं."

"म्हणजे एकच जण जमवून घेतं."

त्याने मान हलवली. या वेळी तो बोलण्याआधी अजिबात थांबला नाही.

"इथे मी येईन. दर वेळी येईन. जोड हलले नाहीत तरी येईन. तू उभी राहशील ना?"

'तू' ऐकून तिला हसू आलं आणि रडूही आलं. "चार दिवस उगाच उभी राहिलेच की," ती म्हणाली. "आता सांगून उभं कर."

तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता. बाहेर कपबशा वाजत होत्या, दाराशी बॅग तशीच पडली होती.

"जरा डावीकडे हो," तो हळूच म्हणाला.

ती सरकली.

"अजून थोडी."

ती आणखी सरकली, आणि मग सरकायला जागाच उरली नाही.