रघूत्तमची गुलाबी पूड

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या आमच्या घरापासून प्रयोगशाळा स्कूटरवर दहा मिनिटं. तिथे मी पदार्थांचं चुंबकत्व मोजते. गोष्टी तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांचा मला वैताग येतो, म्हणून झालं तेवढंच सांगते.

माझा नवरा रघूत्तम कोबाल्ट आणि सेंद्रिय रेणू गुंफून जाळीदार स्फटिक बनवायचा. त्यांची पूड कोरडी असली की निळी, ओल शोषली की गुलाबी. चुंबकत्वही तसंच बदलतं, आतल्या अणूंची थरथरही. विद्यार्थी आले की हा कुपीत फुंकर घालणार, पूड गुलाबी होणार, आणि स्वारी खूश. गेल्या वर्षी अशीच फुंकर घालून त्याने झाकण घट्ट लावलं. त्याच संध्याकाळी हृदय बंद पडून तो गेला.

वर्षभर मी ती कुपी उघडली नाही. त्याचा तेवढाच श्वास माझ्याकडे उरला होता.

पण त्याचा शेवटचा शोधनिबंध अडला होता. परीक्षकांना त्याच पुडीचं कोरडं मोजमाप हवं होतं. म्हणजे ती तापवून आतली ओल पंपाने खेचून टाकायची.

तिरुमलराव आमचे जुने सहायक, घरी मराठी बोलणारे म्हैसूरकर, मधूनच कन्नड शब्द घालणारे. ते म्हणाले, "नोडी, बघा मॅडम, पाणीच जातंय, अष्टे, एवढंच. सर असते तर त्यांनीच काढलं असतं."

"मग तुम्हीच बटण दाबा," मी म्हटलं. माझ्याने ते होईना.

दुपारपर्यंत पूड निळी झाली. ती काचेच्या नळीत भरून, हवा काढून, तिरुमलरावांनी ज्योतीवर नळीचं तोंड वितळवून बंद केलं. अणूंची थरथर टिपणाऱ्या यंत्रात नळी लावून पाहिली, तर आलेखातून पाण्याच्या कंपनाची रेषा नाहीशी झाली होती. मी स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूड गुलाबी होती.

"कुठेतरी तडा असेल," मी म्हटलं.

तिरुमलरावांनी भिंगातून नळी फिरवून पाहिली. तडा नव्हता. वजन केलं, तर काट्यावर कालचाच आकडा. त्यांनी नळी हळूच खाली ठेवली. "बेडा, नको मॅडम. ठेवून द्या हे."

ते चहाला गेले ते परतलेच नाहीत. मी नळी पुन्हा त्याच यंत्रात लावली. पाण्याची रेषा परत आली होती. ती उंच व्हायची, बुटकी व्हायची, चार-चार सेकंदांनी.

झोपेतला रघूत्तम मी पंधरा वर्षं ऐकला आहे. मला आलेखाची गरज नव्हती.

नळी बाहेर काढली. आतून काचेवर वाफ धरत होती, विरत होती.

"थांब ना अजून," मी म्हटलं. मला लाज वाटली नाही. मला तो हवाच होता.

वाफ दाट झाली. त्याला नीट पाहता यावं म्हणून मी नळी तोंडाजवळ नेली आणि चष्मा पुसताना करतो तसा काचेवर श्वास सोडला.

पुन्हा सोडला. दर वेळी वाफ आतूनच दाटली.

बाहेरची काच कोरडीच राहिली.