धावपट्टीकडचं दार

तुम्ही खोटं बोलताय.

पिंकी त्या दिवशी कामावर आलीच नव्हती, असं तुम्ही, विमानतळाच्या साहेबांनी, लेखी दिलंत. खुर्चीत बसून, सही ठोकून. ती आली होती. आईसोबत आली होती.

ज्यांना ही बनवाबनवी वाटते त्यांनी खुशाल वाचू नये. विमानतळाचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर उद्या माझ्याच दारात नोटीस. एवढंच सांगतो... सिन्नरच्या बाजूचा उघडा माळ, गेल्या डिसेंबरातली थंडी, आणि दिवस मावळायची वेळ.

लताबाई माझी सख्खी आत्या. पिंकी तिची एकुलती एक लेक. नाशिक रोडहून रोज जायच्या. दोघी टर्मिनलमध्ये सफाईला, कंत्राटावर. पुढच्या महिन्यात कायम करतो, असं गाजर सुपरवायझर हर्षल रोज दाखवायचा. एक खाडा पडला की नाव कट.

ही धावपट्टी मूळची लष्कराची. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली. लष्कर गेलं, पट्टी उरली. आजूबाजूच्या बायांनी तिच्यावर मिरच्या वाळवल्या, पोरं तिच्यावर स्कूटर शिकली. मग तुम्ही आलात. काचा बसवल्यात, एसी लावलात, आणि भिंतीवर पाटी ठोकलीत... 'निर्मनुष्य माळावर उभारलेली ऐतिहासिक धावपट्टी.'

निर्मनुष्य म्हणे!

त्या मंगळवारी संध्याकाळचं विमान उडालं. माणसं पांगली. आत्या फरशी पुसत होती.

आणि तिला वास आला...

धुराचा. गोवऱ्यांची चूल पेटल्यावर येतो तसा.

ती मागं वळली. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पावलं उमटली होती.

अनवाणी. लहानमोठी. सगळी एकाच दिशेला... धावपट्टीकडच्या काचेच्या दाराकडे.

दार बंद होतं.

"हर्षल सर, इकडून कोण गेलं हो?"

"मावशी, फिनाईल जरा कमी वापरा. डोक्यात चढलंय तुमच्या."

तो हसला, आणि आत्याचा संशय पक्का झाला. हा याचाच डाव. बाया घाबरून पळाल्या की कायम करायची भानगडच मिटली. 'आम्ही बाबासाहेबांची माणसं,' ती मनात म्हणाली, 'असल्या थेरांना भीक घालत नाही.' तिनं पावलं खसाखसा पुसून काढली.

तेवढ्यात...

"येतो गं बाई..."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. थकलेला. घर सोडताना जड होतो तसा.

पिंकी पलीकडे कचऱ्याच्या पिशव्या बांधत होती. एका कानात गाणं. कुणाची तरी ड्युटी संपली असेल, असं तिला वाटलं. मान वर न करता ती म्हणाली, "हो, या."

तुम्ही-मीही हेच म्हटलं असतं. निघणारा 'येतो' म्हणतो, राहणारा 'या' म्हणतो. जीभ आपोआप वळते.



मग एकदम... "येतो." "येते बरं का." "येतो हं." बाया, पोरं, म्हातारे. आवाजावर आवाज.

"या बाबा, सगळेच या!" पिंकी हसली. "आज काय आख्ख्या गावाची सुट्टी झाली का गं, आई?"

आत्यानं हॉलभर नजर फिरवली.

हॉलमध्ये कोणीच नव्हतं.

गेटबाहेर साळूबाईची चहाची टपरी आहे. मागच्या वस्तीतली म्हातारी. आत्यानं झालेलं सांगितलं तसा तिनं गॅस बंद केला.

"पोरीनं 'या' म्हनलं?"

"म्हटलं. त्यात काय बिघडलं?"

"हितं आमची वाडी व्हती, लताबाई. गोऱ्या साहेबानं पट्टीसाठी एका दिसात उठवली. लढाई सरली का परत या म्हनला. माझी सासू सांगायची, समद्यांनी उंबऱ्याला हात लावला न 'येतो' म्हनले. पन सगळं गावच निघालं व्हतं. मागं 'या' म्हनायला कोन ऱ्हायलं?"

"मग परत आले का?"

"वाटंतच पटकी लागली. लय मानसं..." म्हातारीनं आत्याचा हात धरला. "पोरीला उद्या घरी ठेव. माझं ऐक."

आत्यानं ऐकलं नाही. हर्षल रोज हिच्याच टपरीवर चहा ढोसतो, हिलाही त्यानंच पढवलं असणार. पोरगी घरी राहिली की खाडा, खाडा पडला की नोकरी गेली. आत्यानं सरळ हिशेब केला.

बुधवारी पिंकीला ती स्वतःच घेऊन गेली.

विमान उडालं. आणि पुन्हा तोच धूर...

आज फरशी कोरडी होती. पावलं मातीची होती.

आणि आज ती दारातून आत येणारी होती.

कार्डाशिवाय न उघडणारं ते काचेचं दार हळूच सरकलं. उंबऱ्यावर पिंकी. हातात पिण्याच्या पाण्याचा जग.

"आई, बाहेर माणसं उभी आहेत गं. मीच तर बोलावलं... पाणी तरी विचारायला नको?"

"कोण माणसं? पिंके, मागं फिर!"

बाहेर नुसती धावपट्टी. तिच्यावर चिटपाखरू नव्हतं.

पिंकी वळली. चेहरा शांत होता. पाहुण्यांच्या गडबडीत असते तशी ती होती.

"आई, जाते."

लहानपणापासून आत्यानं तिला बजावलं होतं, 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. पिंकी कधी चुकली नव्हती.

दार बंद झालं.

आत्या काचेवर मुठी आपटत राहिली. हर्षल धावत आला, कार्ड लावलं. बाहेर फक्त जग पडला होता. कोरडा ठणठणीत.

हर्षलचं तोंड पांढरं पडलं. "परत सुरू झालं..." तो पुटपुटला.

"परत म्हणजे? परत म्हणजे काय, सर?"

तो कार्ड खिशात कोंबून निघून गेला. आठवड्याच्या आत त्याची बदली झाली. कुठे, ते कोणी सांगत नाही.

आम्ही पोलिसांत गेलो तर तुमचं पत्र आमच्या आधी तिथे हजर. अंगठ्याच्या मशीनमध्ये पिंकीची हजेरी नाही. कॅमेऱ्यात आत्या एकटीच, बंद दाराशी बोलतेय. आणि वर तुमचा सल्ला... बाईंना डॉक्टरला दाखवा!

आत्याचा पास तुम्ही काढून घेतलात. ती रोज दिवस मावळताना कुंपणाशी उभी असते. मी तिला न्यायला जातो. मला त्या माळावर पाठ फिरवून चालवत नाही, हे कबूल करायला लाज कसली?

पण परवा तुम्ही त्या दाराला लोखंडी पत्रा ठोकलात. ठोकणारा गडी टपरीवर बसून चहा पीत होता.  आतून टेकूही लावून घेतले म्हणाला. आणि ठोकताना पलीकडून कुणीतरी पत्र्यावर हात फिरवत होतं... हळू, चाचपडत.

पोरगी आलीच नव्हती ना? मग दार कुणासाठी बंद केलंत?

आणि ती परत आली, तर येणार कुठून?

उत्तर द्या.