तळ्याच्या नावाची रिकामी ओळ

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. बरंचसं आत्याने सांगितलंय, आणि शेवटचं मी स्वतः पाहिलंय.

नोव्हेंबर १९३८. रॉसकॉमन परगण्यातलं आमचं घर. दुपारचे तीन.

डिम्पनाआत्या तेव्हा तेरा वर्षांची. मास्तरांनी वह्या वाटल्या होत्या. घरच्या म्हाताऱ्यांकडून कोडी आणि शेता-तळ्यांची नावं लिहून आणायची. उपाशी शेत, भट्टीचं शेत, विधवेचा तुकडा, सगळं लिहून झालं. घरामागच्या तळ्याची ओळ तेवढी रिकामी, आणि वही उद्या द्यायची होती.

नाव तिच्या मॅलकीकाकांना ठाऊक होतं. पण विचारलं की ते चुलीशी बसून कोडं घालायचे.

"सारखं खातं, पाणी प्यायलं की मरतं. काय?"

"आग. काका, तळ्याचं नाव सांगा ना."

"आधी दुसरं सोडव."

चार दिवस हेच. तिच्या डोक्यात तिडीक गेली. वही उचलून ती तडक तळ्यावर गेली.

धुकं होतं. बदकं ओरडत होती...

एकदम गप्प झाली.

लव्हाळ्यातून बाईचा आवाज आला... "दार नाही, उंबरा नाही, आत गेलेला कोरडा परतत नाही. काय?"

कोणी दिसेना. पण उत्तर येत असताना गप्प बसणं आमच्या घरात कोणालाच जमत नाही.

"तळं. आता माझी पाळी. याचं नाव काय?"

"सध्या... नोरा. तुझं काय गं?"

पाळी म्हणजे पाळी, उत्तर द्यायलाच हवं. तिने तोंड उघडलं, तोच मागून काका ओरडले, "नोरा! घरी चल!"

त्यांनी तिला ओढतच नेलं. वही तिथेच पडली.

नोरा काकांची बहीण, त्याच तळ्यात बुडालेली. सगळ्यात शेवटी जो बुडेल त्याचं नाव तळ्याला पडतं, म्हणून काठावर कोणी आपलं नाव सांगत नाही, की दुसऱ्याला खऱ्या नावाने हाक मारत नाही.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" आत्या फणफणली. काका नुसते रडत राहिले.

सकाळी वही काठावर सापडली. ठणठणीत कोरडी. फक्त मुखपृष्ठावर जिथे आत्याने आपलं नाव लिहिलं होतं...

ती जागा कोरी.

आत्या पुन्हा तळ्याकडे फिरकली नाही.

गेल्या उन्हाळ्यात नकाशावाला आला. आत्या आता सत्तरीची, चहा ओतत होती. तो म्हणाला, तळ्याचं नाव काठावरच्या एका बाईने सांगितलंय, तेवढं पक्कं करायचंय...

"डिम्पना."

आत्याने किटली आदळली. "खोडा ते. मी अजून बुडलेले नाही."

त्याने माझ्यासमोर खोडलं. तरी आत्या रोज चडफडते, "कोड्याचं उत्तर तर मी बरोबर दिलं होतं!"

काल छापील नकाशा पोस्टाने आला. पाकीट मी अजून उघडलेलं नाही.

खालचा कोपरा ओला आहे.