उस्ताद अजून तारा लावतायत

ये वियाम, दार लोटून घे. हेडफोन न्यायला आलीस ना? सासूबाईंच्या टीव्हीनं डोकं उठलं असेल. भिंतीपलीकडून मलाही ऐकू येतं गं, तुमच्या मालिकेतली रडारडसुद्धा. दिव्याच्या या बाजूला बस, तिकडे सुया सांडल्यात. हरीऱ्याचं सूप गरम आहे, वाटीभर घे. मीठ तुझ्यासमोर आहे, बेतानं घाल. स्वयंपाकात मी घालत नाही.

हेडफोन हा काय, माझ्या गळ्यातच आहे. देणार नाही असं म्हणत नाही मी. पण आधी ऐकून घे आणि मग तूच ठरव.

जुन्या बाजारातल्या एका पथारीवाल्याकडून घेतला मी हा. "मावशी, इतका मऊ राजवाड्यातसुद्धा नसेल," म्हणाला मेला. माल स्वस्तातलाच, पण गाद्या बघ कशा गुबगुबीत आहेत. जेलाबा झग्यांच्या रेशमी गुंड्या वळायचं माझं काम. दिवसभर बोटं चालतात आणि कान रिकामे. या इमारतीत कान रिकामे ठेवणं म्हणजे शिक्षाच. खाली मोपेडी, वर नवराबायकोची भांडणं, बाजूला तुम्ही. रागावू नकोस, खरं तेच सांगते. हा कानांवर चढवला की सगळं गप्प व्हायचं आणि मग गाणं सुरू व्हायचं. मोबाइलवर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटायची ती गाणी, त्यांत गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला. पहिल्या दिवशी मी काम टाकून नुसती ऐकत बसले होते.

आईनं ते पाहिलं. माझ्या आईला तू ओळखतेस, हमामात आंघोळीला जाताना जिन्यात चार जणींची चौकशी करूनच पुढे जाते. "काय गं तामू, डोक्याला उशी बांधून काय बसलीस?" म्हणाली. मी तिच्या कानांवर चढवला आणि मोबाइलवर उस्ताद फराजींचं वादन लावलं.

तू शिकलेली, तुमच्या घरी हे मानत नसतील. पण आमच्याकडे दर शाबान महिन्यात आईसाठी जागर व्हायचा. रात्रभर गिंबरीच्या जाड तारा, लोखंडी चिपळ्या, शेगडीवर लोबान. ज्याचा त्याचा रंग, ज्याची त्याची चाल. आईचा रंग निळा, पाण्याचा. तिची चाल लागली की तिच्या अंगात यायचं. निळी ओढणी डोक्यावर घेऊन ती घुमायची आणि शेवटी जमिनीवर पडायची. तोंडावर फुलांचं पाणी शिंपडलं की हसत उठायची, आणि मग वर्षभर तिचे हातपाय हलके राहायचे. नियम एकच, चाल मध्ये तोडायची नाही. घरात आग लागली तरी वाजवणारा थांबत नाही, कारण अर्ध्यावर सुटलेलं माणूस ना इकडचं राहतं ना तिकडचं.

थंडीत आमच्या जागरात वाजवणारे उस्ताद फराजी वारले. गेल्या जागरात माझ्या भावानं, नबीलनं, मोबाइलवर भरून घेतलेलं तेवढं वादन आमच्याकडे उरलं होतं.

"अगं, फराजी माझ्या कानातच येऊन बसलेत!" आई लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली. मग रोजचंच झालं. दुपारी वाटाणे सोलत ती ऐकत बसायची. सुरुवातीची आळवणी ऐकायची नि डोळे पुसत वादन बंद करायची. आमचं खरंच फार छान चाललं होतं, वियाम. म्हातारपणी तिला काही सुख देता आलं म्हणून मला बरं वाटायचं.

एका दुपारी तिनं बंदच केलं नाही. मी मान वर करून पाहिलं तर आई उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. खोलीत कसलाही आवाज नव्हता, आणि माझी आई त्या शांततेत घुमत होती. तिची चाल लागलीय हे मी ओळखलं. थांबवायचं नाही हे तर मला पाळण्यातल्यापासून माहीत. मी धावत जाऊन ओढणी आणली, ती पडेल तिथे गादी टाकली.

आणि ती एकदम थांबली. पडली नाही, नुसती उभी राहिली. एक हात वर, तोंड उघडं. मी मोबाइल पाहिला. वादन संपलं होतं. जागराच्या रात्री नबीलच्या मोबाइलमधली जागा भरली होती, त्यामुळे चाल तिथेच तुटली होती. तिथपर्यंत कधी कुणी ऐकलंच नव्हतं.

मी हाका मारल्या, फुलांचं पाणी शिंपडलं. तिनं डोळे माझ्याकडे वळवले, पण ते माझ्यावर टेकेनात. रात्री तिनं हरीऱ्याचा एक घोट घेतला आणि वाटी सरकवली. "मीठ घातलंयस यात," म्हणाली. मीठ जिनांना चालत नाही, हे तुझी सासूसुद्धा सांगेल.

त्यानंतर तिनं हेडफोन काढू दिला नाही. मोबाइलमधून पिन मी केव्हाच काढली होती. ती घरभर फिरायची आणि वायरचं मोकळं टोक तिच्यामागे फरशीवर घासत जायचं. पाय बर्फासारखे गार. जाईल तिथे ओली पावलं उमटायची. मी पुसायचे आणि मागे वळून पाहिलं की पुन्हा ओली.

"आई, काय ऐकतेस?"

"गप्प बस... उस्ताद अजून तारा लावतायत."

मी फराजींच्या मुलाकडे धावले, जिलालीकडे. तोही वाजवतो, हात चांगला आहे. भर दुपारी गिंबरी घेऊन आला बिचारा. निळी चाल त्यानं जिथे तुटली होती तिथूनच धरली. आईनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं.

"जिलाली, बाळा, जरा थांब. तुझे वडील तारा लावतायत. दोघांचं एकदम कसं ऐकू?"

जिलालीच्या हातातला सूर तिथेच राहिला. जाताना जिन्यात तो मला हळूच म्हणाला, "तामू, ज्या हातानं सुरू झालं, त्याच हातानं ते संपेल. हेडफोन ओढून काढू नकोस. आणि... तू मध्ये कान घालू नकोस. जो ऐकायला बसेल त्याला शेवटपर्यंत बसावं लागेल."

पण आई वाळत चालली होती गं. अन्न नाही, झोप नाही. रडून रडून माझे डोळे सुजले. आई मरणार, आणि मी गुंड्या वळत बघत बसणार?

मग आणखी एका दुपारी लोबानाचा वास आला. शेगडी थंडगार पडलेली. आई उठून उभी राहिली.

"लागल्या," म्हणाली. "तारा लागल्या... पण मला एकटीला भीती वाटते, तामू."

तू काय केलं असतंस? मी तिला मिठी मारली, गालाला गाल लावला, आणि एका बाजूची गादी ओढून माझ्या कानावर घेतली.

आधी काहीच नव्हतं. मग कुणीतरी खाकरलं. फराजी वाजवायच्या आधी असेच खाकरायचे. आणि गिंबरी सुरू झाली, वियाम... तुटली होती बरोबर तिथून. मोबाइल स्वयंपाकघरात होता. वायर माझ्या पायाशी पडली होती. आणि माझ्या कानात असं गाणं वाजत होतं की माझ्या हाडांना ते आधीपासून पाठ असावं. इतके जागर झाले, माझा रंग कुठला ते कधी कळलं नव्हतं मला. त्या क्षणी डोळ्यांपुढे निळंच निळं झालं. भीती वाटली नाही. खोटं कशाला बोलू, सुख वाटलं.

तेवढ्यात आई पडायला लागली. गादीवर नाही, बाजूला, शिवणाच्या मशिनच्या लोखंडी कोपऱ्यावर. तिचं डोकं फुटलं असतं. मी कानावरचं सोडलं आणि तिला झेललं.

फुलांचं पाणी शिंपडल्यावर ती हसत उठली. हेडफोन आपणच काढून बाजूला ठेवला. गाद्या पिळून काढाव्यात इतक्या ओल्या होत्या. संध्याकाळी हरीऱ्याचा घोट घेतला आणि वाटी आपटली. "कार्टे, मीठ संपलंय का घरातलं?" मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. पाय गरम होते.

आता ती ठणठणीत आहे. आत्ता हमामला गेलीय, येईलच.

तुला कळलं ना? तिचं शेवटपर्यंत झालं. मी मात्र मध्येच उठले.

रडू नकोस गं. आईला यातलं काही ठाऊक नाही, आणि तुझ्या तोंडूनही कळता कामा नये. तिला समजलं तर क्षणभर थांबायची नाही, माझ्या गालाला गाल लावून दुसऱ्या कानाला गादी लावील. आणि मी पडायला लागले की तीही मला झेलायला धावेलच. आईच ती. मग पुन्हा तिच्यापासून सुरू. म्हणून ती घरात असली की मी तिच्यासमोर मिठाचा हरीरा पिते आणि मोरीत जाऊन ओकते.

तू बाजारातून नवा घे, माझं ऐक. छान असतात, गाणी फार गोड ऐकू येतात.

ऐकलंस? जिन्यात तिची पावलं. सांगितलं ना येईलच म्हणून. मिठाचं भांडं इकडे माझ्यापुढे सरकव. माझ्या पायाखालची फरशी पूस त्या फडक्यानं, लवकर. आणि ती पिन बघ लोंबतेय, ती तेवढी उशीखाली दाब.

आता काहीतरी बोल तिच्याशी, मोठ्यानं बोल, सासूची गाऱ्हाणी सांग... मला नीट ऐकू येत नाहीये. ते खाकरले आत्ताच.