तबिता सिस्टरचा राग

खिडकीतून आत टाकलेला रुमाल म्हणजे जागा आपली, हा कायदा परभणीच्या एसटी स्टँडवर सगळेच पाळतात. त्यामुळे गर्दीतून वाट काढत तबिता पालमच्या गाडीत चढली आणि आपल्या सीटवर एक म्हातारी ऐसपैस बसलेली तिला दिसली, तेव्हा तिचं डोकं फिरलं. खरं तर तिचं डोकं फिरायला एवढंही कारण लागत नसे. पालमच्या सरकारी दवाखान्यात ती सिस्टर होती. तिचं इंजेक्शन परवडलं, पण बोलणं नको, असं पेशंट म्हणत.

"इथं माझा रुमाल होता."

"हा घ्या." सीटला टेकून उभ्या असलेल्या एका उंच तरुणानं रुमाल पुढे केला. त्यानं त्याची नीट घडी घातली होती. "मीच उचलला."

"काय म्हून?"

"रुमालाचे पाय दुखत नव्हते... मावशींचे दुखत होते."

दोघंतिघं हसले. तबिता काही बोलणार, तोच तिची नजर म्हातारीच्या हाताकडे गेली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं होतं. जखम जुनी, पण चिघळलेली, वर नुसती चिंधी.

"हे कवा भाजलं?"

"श्रावणात," म्हातारी म्हणाली. "घर पेटवलं तवा."

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा ऑक्टोबर होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, त्याचा राग मराठवाड्यात गावोगावच्या दलितांच्या घरांवर निघाला, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. या म्हातारीचं, चतुराबाईचं, घर त्यातलंच. तिचा लेक, सून आणि नात मागे गाठोड्यांवर बसली होती.

"आन् आजवर कुणी औषध लावलं न्हाई?" तबिता त्या तरुणावरच कडाडली, जणू काडी त्यानंच लावली होती.

"तुम्ही लावा की."

"उद्या दवाखान्यात आणा. सिस्टर हाय मी तिथं."

पालमपर्यंत ती उभ्यानं गेली, त्याच्याकडे पाठ करून. उतरताना तो मागून म्हणाला, "सलाम, सिस्टर." ख्रिस्ती माणसं एकमेकांना करतात तो सलाम! तेव्हा तिला कळलं, तिच्या चर्चची मंडळी ज्यांची वाट पाहत होती ते नगरकडचे नवे धर्मप्रचारक शांतवन म्हणजे हेच महाशय.

पालमच्या वेशीबाहेर पंधरा ख्रिस्ती घरं आणि एक छोटं प्रार्थनामंदिर होतं. त्याच्यामागे एक दगडी खोली. शांतवननं कुणालाही न विचारता चतुराबाईचं बिऱ्हाड त्या खोलीत उतरवलं. ड्यूटी संपली की तबिता रोज तिथं पट्टी बदलायला येऊ लागली. शांतवन पाणी उकळून ठेवी.

"एवढं पाणी? पाहुणे यायलेत का?"

"तुमचा राग थंड करायला ठेवलंय थोडं."

"उकळत्या पाण्यानं?"

"गार पाण्यानं झाला नाही... म्हणून."

"तुमाला दुसरं काम न्हाई का हो?"

"आहे. पण ते काम माझ्याशी भांडत नाही."

चतुराबाई ऐकून ऐकून म्हणाली, "बाई, माझा हात नीट झाला की तुमी दोघं भांडायला कुठं जाताव?"

तबिताचे कान तापले. हात महिन्याभरात बरा झाला. मग सुनेच्या अंगात रक्त कमी आहे, असं तिला एकाएकी दिसू लागलं, आणि येणं चालूच राहिलं. एका संध्याकाळी गोळ्यांचं पाकीट कापताना कात्री तिच्याच बोटाला लागली. शांतवननं बोट धरलं आणि हलकेच फुंकर घातली. त्या दिवशी तबिता चक्क न भांडताच घरी गेली.

डिसेंबर लागला. तबिताचे वडील आबासाहेब गवंडीकाम करत आणि मंडळीचे मुख्य पंच होते. दर नाताळला त्या दगडी खोलीत ते गव्हाणी मांडत. मातीची गाय, गाढव, मेंढरं, वर कडब्याचं छप्पर आणि मध्ये बाळ येशू. पालमचं सगळं गाव बघायला लोटे. एके सकाळी ते चतुराबाईच्या दारात जाऊन म्हणाले, "बाई, चोवीस तारखेपस्तोर खोली मोकळी करा. गव्हाणी मांडायची हाय."

हे बोलताना त्यांची जीभ अडखळली नाही. दुष्ट नव्हते हो ते. पण जन्मभर ज्यांच्या भिंती बांधल्या त्यांची मर्जी राखण्यात माणूस इतका मुरला होता, की दलितांचं बिऱ्हाड ठेवून घेतल्याची गावात कुजबुज सुरू होताच त्यांना गव्हाणीच आठवली. बेघर माणसांना बाहेर काढून बेघर बाळाचा देखावा मांडायचा, याचं पंधरा घरांत कुणालाच काही वाटलं नाही. पंचांनी आणखी एक ठरवलं. न विचारता बिऱ्हाड आणणाऱ्या प्रचारकानं नाताळ झाला की दुसरं गाव बघावं. शांतवन 'बरं' म्हणाला.

ते 'बरं' तबिताला चतुराबाईकडून कळलं. ती तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी जायलाव?"

"मी अडून बसलो तर मंडळीत फूट पडेल. मावशींसाठी परभणीत खोली बघतोय मी... थोडं सोसावंच लागतं, सिस्टर. प्रेमात."

"घर जळालं ते मावशीनं सोसलं. आता खोलीबी सोडायची ते सोसायचं. आन् तुमी गुमान पेटी उचलून चालू पडायचं. ह्याला प्रेम म्हणताव तुमी? त्यापेक्षा माझा राग बरा."

तो काहीतरी सांगू पाहत होता. "सिस्टर, मला तुम्हाला..." पण ती तरातरा निघूनही गेली होती.

चोवीस तारखेला रविवार होता. परभणीहून म्हातारे पाळक, म्हणजे पाद्री, आले होते. त्या मंडळीत एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाची, म्हणजे सगळ्यांनी वाटून खायची, भाकर मोडण्याआधी पाळक विचारत, "कुणाच्या मनात कुणावर राग आहे?" असेल त्यानं उभं राहायचं, आणि तो मिटेपर्यंत भाकर मोडायची नाही. कित्येक वर्षांत कुणी उभं राहिलं नव्हतं. राग घरी ठेवून देवळात यायला सगळेच शिकले होते.

पाळकांनी विचारलं. तबिता उभी राहिली.

"कुणावर, पोरी?"

"आबांवर. आन् तुमा सगळ्यांवर. चतुरामावशीची गाठोडी बांधून झालीत तिकडं. मातीच्या गाढवाला जागा पायजे म्हून. मला ही भाकर गिळायची न्हाई."

"बस खाली," आबासाहेब दातओठ खात म्हणाले.

"न्हाई बसत."

पाळकांच्या हातात भाकर तशीच राहिली. "आणखी कुणावर?" त्यांनी विचारलं.

"प्रचारकांवर. ते जायलेत. मला न इचारता."

"तुला का विचारावं त्यांनी?"

पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं... "कारण माझा जीव जडलाय त्यांच्यावर. आन् त्याचाबी मला राग यायलाय."

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं शांतवन उभा राहिला, कानापर्यंत लाल.

"माझाही राग आहे. सिस्टरवर. दोन महिने जे बोलायची हिंमत मला होत नव्हती, ते त्यांनी उभ्या मंडळीत बोलून टाकलं." मग त्याचा आवाज बदलला. "आणि त्या म्हणतात ते खरं आहे. मी सोसत नव्हतो, पळत होतो. मी जाणार नाही. त्या खोलीतली माणसंही जाणार नाहीत."

आबासाहेब उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले. गेले रुसून, असं सगळ्यांना वाटलं. पण ते मागच्या खोलीपाशी गेले. त्यांचा आवाज खिडकीतून ऐकू आला. "बाई, माझं चुकलं. गाठोडी सोडा. आन् आत चला, मंडळी थांबलीय."

"थांबा की मग," चतुराबाई म्हणाली. "माझी भाकर तव्यावर हाय."

सगळी मंडळी तिची भाकर भाजून होईपर्यंत थांबली. त्या साली गव्हाणी मांडली नाही.

याची किंमत मोजावी लागलीच. नाताळानंतर पालममधून आबासाहेबांना एकही काम आलं नाही. रिकामा गवंडी करणार काय? चैत्रात करणी-ओळंबा ही हत्यारं घेऊन ते चतुराबाईच्या गावी गेले आणि जळालेल्या घराच्या भिंती उचलायला लागले. शांतवन दगड द्यायला होता. रविवारी प्रार्थना झाली की तबिताही तिथं जाई.

अशाच एका रविवारी पलीकडच्या आळीतला वैजीनाथ आला. विळ्यानं कापलेला त्याचा तळवा सुजून टम्म झाला होता. "सिस्टर आल्यात म्हनं," तो चाचरत म्हणाला. त्याला बघून चतुराबाई तोंड फिरवून अर्धवट भिंतीआड गेली. हा घर पेटवणाऱ्यांतला, हे तबिताला सांगावं लागलं नाही.

"बसा." तिनं जखम धुतली, पू काढला, पट्टी बांधली. "ह्याच हातानं काडी लावली का?"

तो खाली मान घालून बसला होता.

"परवा पालमला या, पट्टी बदलायला. हयगय केलीत तर हात जाईल. कळलं?"

तो गेला. शांतवन तिचे हात धरून तांब्यातून त्यांवर पाणी ओतू लागला.

"मी माफ केलेलं न्हाई त्याला."

"माहीत आहे."

"पट्टी बांधली म्हंजे राग गेला असं न्हाई. लय राग हाय मला."

"माहीत आहे, सिस्टर." पाणी संपलं होतं, तरी त्यानं तिचे हात सोडले नाहीत. "मला तुम्हीच हव्या आहात. रागासकट."

"मग सिस्टर काय म्हणायलाव?"

"काय म्हणू?"

"नाव हाय की मला."

"तबिता," तो म्हणाला.

ती त्याच्यावर रागवायला कारण शोधत राहिली. सापडलं नाही.